तारखा लक्षात राहतातच कुठे?

‘इतक्या सनावळ्या तुमच्या लक्षात राहतात तरी कशा?’ मला इतिहासाचं वेड आहे हे कळलं, की बहुतेक जण हेच विचारतात. (उरलेले विचारतात, ‘झालं गेलं उकरून काय मिळतं?’ त्यांच्याशी मी वाद घालणं सोडून दिलंय.) तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगून टाकते: राहत नाहीत. शाळेत ‘जोड्या लावा’ आणि सनावळ्या या दोन प्रश्नांनी माझे गुण हमखास खाल्ले. आजही समोर वही नसेल, तर मी सन सांगायला धजत नाही.

वेड लागलं ते एका शब्दापायी. ‘कशावरून?’ लहानपणी हा शब्द मोठ्यांना उद्धटपणाचा वाटायचा, त्यावरून बोलणीही खाल्लीत. इतिहासात तो विचारल्यावाचून पुढे सरकताच येत नाही, हे मला ब्राह्मी लिपीच्या गोष्टीनं दाखवलं.

अशोकाच्या स्तंभांवरची अक्षरं स्पष्ट दिसायची, पण वाचणारं कुणी उरलं नव्हतं. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकानं दोन स्तंभ दिल्लीला आणवले, तेव्हाच्या जाणकारांनीही हात टेकले होते. पुढे कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंचा कस तपासणारा जेम्स प्रिन्सेप या अक्षरांच्या मागे लागला. १८३७ मध्ये सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरच्या लेखांचे ठसे त्याच्या हाती आले. लेख एवढेसे, सुटे सुटे, आणि कितीतरी लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरं. राजाची आज्ञा असती तर लांबलचक असती. मग स्तूपाच्या दगडावर माणसं इतक्या थोडक्यात काय कोरतील? ‘अमक्याचं दान’! शेवटची दोन अक्षरं म्हणजे ‘दानं’, आणि त्याआधी वारंवार येणारं अक्षर म्हणजे षष्ठीचा ‘स’. एवढ्याशा फटीतून तो आत शिरला आणि बघता बघता बाकीची अक्षरंही सुटली.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुढचं पान उलटलंच नाही, त्या दोन अक्षरांचं चित्र बघत बसले. ब्राह्मीतला ‘न’ म्हणजे आडव्या रेघेवर उभी केलेली काठी, बस. तिच्या शेजारी अनुस्वाराचा ठिपका. तोच ठिपका आपण अजून देतो, फक्त अक्षराच्या डोक्यावर.

गंमत पुढेच आहे. लेख वाचता आले, पण त्यातला ‘देवानंपिय पियदसि’ राजा कोण? प्रिन्सेपला आधी तो लंकेचा राजा वाटला. मग जॉर्ज टर्नर यांनी पाली ग्रंथावरून दाखवून दिलं, की पियदसि म्हणजे अशोक. पटण्यासारखं होतं, पण दगडावर ‘अशोक’ कुठे होतं? ते सापडलं १९१५ मध्ये, आजच्या कर्नाटकातल्या मस्कीला. म्हणजे ७८ वर्षांनी. आता मला १८३७ आणि १९१५ हे दोन्ही सन पाठ आहेत, पण ते मी पाठ केलेले नाहीत. मधली ती वाट पाहणं डोक्यात बसलं, त्याच्या दोन्ही टोकांना सन आपोआप चिकटले.

तारखांवर फार विसंबूही नये. इंग्लंडचा शेक्सपिअर आणि स्पेनचा लेखक सर्व्हान्टिस एकाच दिवशी गेले, हे मी कित्येक वर्षं मोठ्या तोऱ्यात सांगत होते. दोघांच्याही नावापुढे २३ एप्रिल १६१६ छापलेलं मी स्वतः वाचलं होतं ना! एकदा एका शाळकरी मुलीनं मला शांतपणे विचारलं, ‘पण कॅलेंडर तेच होतं का?’ नव्हतं. स्पेननं १५८२ मध्येच ग्रेगरियन, म्हणजे आज आपण वापरतो ती कालगणना घेतली होती. तिथे ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. इंग्लंडनं ती घेतली १७५२ मध्ये. त्यामुळे छापलेली तारीख जुळली तरी शेक्सपिअरचा २३ एप्रिल १० दिवस मागाहून आला. माझी चांगलीच फजिती झाली, आणि खरं सांगू, त्या संध्याकाळी मी जितकी खूश होते तितकी बरोबर असताना कधी नव्हते.

तेव्हापासून वहीत प्रत्येक सनापुढे मी एक रकाना सोडते. मथळा एकच: कशावरून? बरेच रकाने अजून कोरे आहेत.