दिव्याचं नाक मीच बुजवलं

एकच गाडी एकाच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा दारात आली की मेकॅनिकला स्वतःच्याच हातांची शंका येते. डाव्या हेडलाइटमध्ये पुन्हा पाणी! नुसतं धुकं असतं तर काकांना समजावून परत पाठवलं असतं. गाडी धुतल्यावर काचेच्या आत पातळ वाफ धरते, दिवे लावून थोडं फिरलं की जाते. तो दोष नव्हे. इथे तळाशी बोटभर पाणी डचमळत होतं.

"थेंबही शिरणार नाही म्हणाला होतात," काका म्हणाले.

म्हणालो होतो खरा. मागच्या खेपेला सांध्यावर चहूबाजूंनी सिलिकॉन फासलं होतं मी.

बंपर उतरवून दिवा बाकावर घेतला, उलटा केला आणि कपाळाला हात लावला. मागची ब्रीदरची, म्हणजे दिव्याला श्वास घेऊ देणारी, नळी माझ्याच सिलिकॉनखाली गाडली गेली होती. हेडलाइट हवाबंद नसतोच. लागला की आतली हवा तापून बाहेर पडते, गार झाला की बाहेरची आत ओढली जाते. ये-जा ब्रीदरमधून. तो बुजला की दिवा दुसरी फट शोधतो, आणि गरम दिव्यावर पाणी पडलं तर त्या फटीतून पाणीच शोषतो.

ती फट कुठे? ब्रीदर मोकळा केला, त्यात नळी खुपसून दिवा पाण्याच्या टबात धरला आणि तोंडानेच हलकं फुंकलं. (कॉम्प्रेसर लावू नये, सांधा उकलतो.) बल्बमागच्या रबरी टोपीपाशी बुडबुडे. तिची कड खाचेत बसलीच नव्हती. बल्ब बदलताना कुणीतरी तशीच दाबली असणार. सांध्यातून मात्र एकही बुडबुडा नाही. म्हणजे सगळं सिलिकॉन फुकट!

पाणी ओतून टाकलं, हेअर ड्रायरची कोमट हवा बराच वेळ सोडली. हीट गनने पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिकची, काच वाकते, आणि रिफ्लेक्टरला फडकं लावलं की चकाकी जाते. नवी टोपी बसवली, दिवा वीस मिनिटं लावून ठेवला, मग पाइपने पाणी मारलं. कोपऱ्यात किंचित वाफ धरली.

"हे बघा, परत!"

"थांबा जरा."

दिवा चालूच ठेवला. वाफ कडेकडेने विरत गेली. काका खूश होऊन किल्लीसाठी हात पुढे करत होते, तेवढ्यात मला उजवा दिवा आठवला. त्यालाही तेव्हाच सिलिकॉन फासलं होतं, खबरदारी म्हणून.

"काका, अजून तासभर बसा," म्हणत मी पुन्हा पाना उचलला.