गॅसवर नीट बसणारा फ्रायपॅन

इथे इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये कुठल्याही मोठ्या दुकानात फ्रायपॅनच्या खोक्यावर सगळं छापलेलं असतं. इंडक्शनवर चालतो, ओव्हनमध्ये चालतो, डिशवॉशरमध्ये चालतो, कोटिंगचे थर किती, गॅरंटी किती वर्षांची. रिकामा पॅन गॅसवर ठेवला तर सरळ बसेल का, एवढंच कुठे लिहिलेलं सापडत नाही. मला याचा मनापासून राग आहे. गेल्या आठवड्यात आमच्याकडे नवा कोरा पॅन फोडणीच्या तेलासकट दांड्याच्या बाजूला कलंडला. कोणाला भाजलं नाही, पण लेक हाताच्या अंतरावर उभी होती.

दोष त्या दांड्याचा. पातळ ॲल्युमिनियमचा हलका पॅन, आणि त्याला लांबलचक भरीव स्टीलचा दांडा. दुकानात हातात घेतला की भारी वाटतो, म्हणून लोक घेतात. पण ते वजन पॅनमध्ये नसतं, दांड्यात असतं. त्यात २४ सेंटीमीटर हे माप वरच्या काठाचं. बूड त्याहून पाच-सहा सेंटीमीटरने लहान असतं, आणि पॅनचा तोल बुडावर ठरतो.

आता इथल्या हॉबकडे, म्हणजे ओट्यात बसवलेल्या गॅसच्या शेगडीकडे बघा. बर्नरभोवतीच्या स्टँडला चारच बोटं असतात, म्हणजे पॅन चार ठिकाणी टेकतो. समजा बूड १८ सेंटीमीटरचं आहे. बोटाच्या दिशेला मध्यापासून ९ सेंटीमीटरपर्यंत आधार मिळतो. दोन बोटांच्या मधल्या दिशेला तोच आधार साधारण ६.४ सेंटीमीटरवर संपतो. दांडा नेमका त्या मधल्या जागेत आला की पॅन कलंडायला नुसतं निमित्त पुरतं. म्हणून दांडा कायम बोटाच्या रेषेत ठेवायचा. पॅन कसाही असो, हे आजपासून करता येईल. आणखी एक बघा: स्टँडच्या पायाखाली छोटे रबरी बूच असतात. घासताना एखादं निघून सिंकमध्ये गेलं की स्टँड डुगडुगतो आणि आपण बिचाऱ्या पॅनला नावं ठेवतो.

पॅन घेताना मी आता तो दुकानातल्या सपाट फळीवर रिकामा ठेवते आणि दांड्याच्या टोकावर करंगळी टेकवते. तेवढ्याने पलीकडचं बूड उचललं गेलं तर तो पॅन परत जागेवर. फळीवर सगळं बूड टेकतं, गॅसवर चार बोटं. त्यामुळे फळीवर जेमतेम टिकणारा पॅन गॅसवर टिकत नाही. मग तळहाताने काठ दाबून बूड डुलतं का ते बघते. सेल्समन बघत राहतात, बघू देत.

आपल्याकडे हा प्रश्न फारसा येत नाही, आणि ते मी अभिमानाने सांगते. पातेल्याला दांडा नाही, कढईला दोन बाजूंना दोन कान, उचलायला सांडशी. वजन चहूबाजूंना सारखं, कलंडायचं कारणच नाही. ऑफिसमधल्या एका सहकारी बाईंना सांडशीने गरम पातेलं उचलणं फार धोक्याचं वाटतं. माझ्या आजीने, आईने आयुष्यभर तशीच पातेली उतरवली. मला तरी चुलीवरून उतरवताना घट्ट धरलेली सांडशी, शेगडीबाहेर डोकावणाऱ्या दांड्यापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

एक मात्र इथल्या लोकांकडून घ्यावं. पॅनचा दांडा ओट्याच्या बाहेर येऊ द्यायचा नाही, मागे किंवा बाजूला वळवायचा, म्हणजे लहान मुलाचा हात पोचत नाही, हे इथे आईबापांना पुन्हा पुन्हा सांगितलं जातं. भाजलं तर वीस मिनिटं गार वाहत्या पाण्याखाली धरा, बर्फ नको, लोणी नको, हेही. आपल्याकडे अजून टूथपेस्ट लावणारी घरं आहेत. भाड्याच्या घरातला गॅस दरवर्षी नोंदणीकृत इंजिनिअरकडून तपासून घेणं इथे घरमालकाला कायद्याने बंधनकारक आहे. ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद करणारी सोय आमच्या हॉबला आहे. पेटवताना बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं ते त्यासाठीच. सुरक्षिततेचा इतका विचार करणाऱ्या देशात दांड्याच्या वजनाचा विचार कोणी करू नये, याचंच आश्चर्य वाटतं.

मग इंडक्शनच का घेत नाहीस, असं इथे सगळे विचारतात. सपाट काच, पॅन हलणार नाही, हे खरं आहे. पण भाकरी शेवटी ज्योतीवर फुगते, भरताचं वांगं ज्योतीवर भाजतं, पापडाचंही तेच. घर बघताना गॅस आहे का हे मी आधी विचारलं होतं आणि त्यासाठी ऑफिसपासून थोडं लांबचं घर घेतलं. मला ते अजूनही पटतं.

शेवटी बेलग्रेव्ह रोडवरच्या एका भांड्यांच्या दुकानातून जाड बुडाचा, दोन कानांचा उथळ स्टीलचा पॅन आणला. बूड रुंद आणि सपाट, कान आखूड. पोहे, भाजी, ऑम्लेट सगळं त्यात होतं. कान तापतात, त्यामुळे फडकं हाताशी ठेवावं लागतं. लहान बर्नरवर तो ठेवत नाही. तो बर्नर साधारण १ किलोवॉटचा असतो, दूध-चहाच्या भांड्यापुरता. रुंद पॅन तिथे फक्त मध्यभागी तापतो आणि कडेची धिरडी कच्ची राहतात.

सप्टेंबरमध्ये शिकायला येणारी मुलं विचारतात, काय आणू? बीडाचा तवा आणा. दोनेक किलो वजन बॅगेत जाईल, पण तो चार बोटांवर हलणार नाही आणि घावनं सुटून येतील. कढई आणायची तर सपाट बुडाची. गोल बुडाची इथे डुलते, आणि तिच्याखाली ठेवायची रिंग प्रत्येक हॉबला बसतेच असं नाही. सांडशीसुद्धा आणा, पण चेक-इन बॅगेत.