साडेअकराचे बारा

अश्विन वद्य पंचमी. रात्रीचे साडेनऊ.

आज मोझरीला, तुकडोजी महाराजांच्या आश्रमात, गेले नाही. हे गेले सकाळी साडेसहालाच, मंडळाच्या पोरांसोबत छोट्या हत्तीत बसून, मागून पाहिलं तर नुसत्या भगव्या टोप्याच दिसत होत्या. मी म्हटलं मी थांबते, वेचणाऱ्या बाया सांगून ठेवल्या आहेत, दोन दिवसांपासून आभाळ पण भरून येऊन राहिलं, एक पाणी पडलं की फुटलेला कापूस मातीत. कारण खरंच आहे. पण पूर्ण खरं नाही. मामाजी गेल्यानंतर महाराजांची ही पहिली पुण्यतिथी, अन त्या एवढ्या गर्दीत मामाजी कुठेच नाहीत हे पाहायची हिंमत होत नव्हती, वहीत लिहायला काय जाते.

मामाजी म्हणजे माझे सासरे. पौषात गेले. त्या दिवशी सकाळी अंगण झाडून झालं, आमचं झालं की शेजारच्या म्हातारीचं झाडायचे, तेही झालं, खराटा भिंतीला टेकवला, पाय धुतले अन खाटेवर बसले ते बसलेच. ऐंशीला एक कमी होतं. मी चहा घेऊन गेले तर मला वाटलं ध्यान करून राहिले, रोजच करायचे, म्हणून मी कप झाकून ठेवून परत चुलीपाशी आले. दहा मिनिटं मी तशीच भाकरी करत होते. हे अजून कोणाला सांगितलं नाही.

माझं लग्न 2009 चं. तेव्हा तुकडोजी महाराजांची जन्मशताब्दी चालू होती, त्यांचा जन्म 1909 चा, इथून जवळच यावलीचा, अन मामाजींच्या डोक्यात तेच. त्यांनी माझ्या बाबांना निरोप पाठवला की हुंडा नको, बँड नको, अन लग्न सकाळी टायमावर लागेल. माझे बाबा पडले अमरावतीचे, त्यांना आधी तर अपमानच वाटला, म्हणे पाव्हणे नाचणार नाहीत तर लोकं काय म्हणतील. नऊ पाचचा मुहूर्त होता, नऊ पाचलाच लागलं, माझी आत्या बडनेऱ्याहून पोचली तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो, ती आजपर्यंत बोलते त्यावरून.

देवभोळे म्हणावं तर तसे नव्हते. अंगारा नाही, नवस नाही, उपासाचं पण काही नाही. सकाळी ध्यान, संध्याकाळी प्रार्थना मंदिरात सामुदायिक प्रार्थना, रात्री ग्रामगीतेचा एक अध्याय. 41 अध्याय आहेत, म्हणजे सव्वा महिन्यात एक फेरी व्हायची, मग परत पहिल्यापासून. मी एकदा विचारलं मामाजी पाठ झालं असेल ना आता, तर म्हणे, "पाठ झालं व पोरी, पण वागनूक नाई झाली अजून, म्हणून वाचतो." चष्मा एका बाजूने सुतळीने बांधलेला.

आणि खंजिरी. पावसाळ्यात तिचं चामडं ढिलं पडायचं, थाप मारली की भद भद आवाज. मग मामाजी चुलीपाशी येऊन बसायचे, माझी भाकरी तव्यावर अन त्यांची खंजिरी बाजूला निखाऱ्यावर वीतभर उंच धरलेली, फिरवत राहायचे, मधेच बोटाने टिचकी मारून कान लावायचे. नाही अजून. परत टिचकी. झाली की त्यांचं तोंड असं व्हायचं जसं लेकराला फटाका भेटला. मला सुरुवातीला राग यायचा खरं म्हणजे, चुलीपाशी जागा केवढी अन त्यात हे दाटून बसलेले. माझ्या मुलाला सांगायचे, महाराज 1955 साली जपानले गेलते, खंजिरी घेऊन. पोट्ट्यानं विचारलं विमानात खंजिरी नेऊ देतात का. मामाजी विचारात पडले, म्हणे "तवा देत असन."

आता त्यांच्या चांगुलपणाबद्दल. सगळे लिहितात तसं लिहायचं तर एक पानात होऊन जाईल, बाबा देवमाणूस होते वगैरे, व्हॉट्सअॅपवर तेव्हा तेच फिरलं, फोटोला फुलांची चौकट करून. पण ज्या घरात देवमाणूस राहते त्या घरातल्या बायांना विचारा. रस्त्याने कोणीही जाणारा दिसला की या बाप्पा, बसा, जेवून जा. भांडे विकणारा, मेंढ्यावाला धनगर, मोझरीला पायी चाललेले दहा-बारा लोक. मग सासूबाई परत पीठ मळायला बसणार. मामीजी एकदा माझ्यासमोरच बोलून गेल्या, "देव यायले भेटला, अन भाकरी मले थापा लागल्या." मामाजींनी ऐकलं. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पाहुणा आला की विहिरीचं पाणी स्वतः आणायचे, कांदा स्वतः चिरायचे, जेवून झालं की ताटं घासायला बसायचे राखुंडी घेऊन. पाहुणे काही कमी केले नाहीत पण.

सोसायटीच्या कर्जाला एकाचे जामीन राहिले ते तर सांगतच नाही. तो माणूस पुण्याकडे गेला तो गेलाच, अन मामाजींनी दोन हंगाम ते फेडलं. त्या वर्षी माझ्या बांगड्या गहाण होत्या. मला अजून राग आहे त्याचा, मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात पण आहे तो आहे.

धुऱ्याची, म्हणजे बांधाची, गोष्ट त्याहून मोठी. आमच्या वरच्या वावराला लागून ज्याचं वावर आहे तो दरवर्षी नांगरताना दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन रेघा, आमच्या धुऱ्यात घालतो. हळूहळू धुरा इतका बारीक झाला की बैल चालत नाही त्याच्यावरून. हे चिडायचे, मोजणी आणू म्हणायचे. मामाजी नाही म्हणायचे. का नाही, तर त्यासाठी 1968 ची गोष्ट ऐकावी लागायची, अन ती आम्ही सगळ्यांनी दरवर्षी आजच्याच दिवशी ऐकलेली आहे.

11 ऑक्टोबर 1968. मामाजी तेव्हा तेवीस वर्षांचे, लग्न व्हायचं होतं, वरच्या वावरात बंडी जुंपलेली. कोणीतरी सायकलवर ओरडत गेलं की मोझरीत महाराज गेले. मामाजी तसेच निघाले, पायात वहाण नाही, रस्त्याने माणसंच माणसं, कोणी कोणाशी बोलत नव्हतं म्हणे. तीन कोस चालून गेले, अंत्यदर्शन झालं, तिथेच राहिले, अन दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना घास हातात असताना आठवलं की बैल जुंपलेलेच राहिले. इथे आले की मामाजी थांबायचे. दरवर्षी इथेच थांबायचे अन आमचं पोट्टं दरवर्षी विचारायचं, मंग? मंग काय, धावतपळत आले तर बैल कोठ्यात, समोर कुटार टाकलेलं, पाणी पाजलेलं. धुरेकऱ्यानं केलं होतं. तोच. धुरा खाणारा.

"ज्यानं माह्ये बैल सोडले त्याच्याशी दोन तासासाठी भांडू काय?"

हे म्हणायचे, "बाबा, पन्नास वर्षं झाले, बैल सोडल्याचं व्याज किती दिवस देता?"

मामाजी हसायचे अन टोपी सारखी करायचे. मला यात यांचं बरोबर वाटते. आजही वाटते. धुरा आता जवळपास राहिलाच नाही. पण तोच धुरेकरी, पंच्याऐंशीचा म्हातारा, पौषात काठी टेकत आला अन मामाजींच्या पायापाशी दिवसभर बसून राहिला, पाणीसुद्धा घेतलं नाही, याचं काय करायचं ते मला माहीत नाही.

माझ्यासाठी काय केलं ते पण लिहिलं पाहिजे नाहीतर नुसत्या तक्रारी होतील. मला एमएससीआयटी करायची होती, कॉम्प्युटरची, क्लास तिवस्याला. हे म्हणाले सोयाबीन निघू दे मग पाहू. मामाजींनी लुना काढली. सुनेला मागे बसवून सासरा तिवस्याला चालला, दोन महिने रोज, गावात लोकं पारावर बसून काय बोलत असतील ते बोलत असतील. एकाने तोंडावरच विचारलं, काय पाटील, सूनबाईले शाळेत टाकलं काय? मामाजी म्हणे, "हो, आपलंच नाव टाकत होतो पण वय जास्त झालं म्हणे." क्लासच्या बाहेर लिंबाखाली बसून राहायचे दीड तास. परीक्षेच्या दिवशी मी बाहेर आले तर तिथेच झोपलेले, टोपी तोंडावर, अन आजूबाजूची पानं, कागद, गुटख्याच्या पुड्या सगळं गोळा करून एका कोपऱ्यात ढीग. झोपायच्या आधी झाडून घेतलं होतं तेवढं.

त्या क्लासमुळे घरचा हिशेब माझ्याकडे आला. अन तिथेच मामाजी पकडले गेले.

वेचणीच्या दिवसात संध्याकाळी बाभळीच्या फांदीला काटा अडकवायचा, गोल तबकडीचा. एकेक बाई आपलं गाठोडं आणणार, मामाजी आकड्याला लावणार, आकडा ओरडणार, अन मी वहीत लिहिणार. बावीस. एकोणीस. पंचवीस. आता कापूस विकायला गेला की आमच्या वहीत चाळीस क्विंटल असला तर जिनिंगच्या काट्यावर एकोणचाळीसच्या आसपास भरायचा. दरवर्षी. हे जिनिंगवाल्याला शिव्या द्यायचे, काटा मारते साला. मामाजी शांतपणे म्हणायचे, "कापूस घरात वाळते ना बाप्पा, घट येनारच." मला पटलं होतं, वाळतेच कापूस.

एका वर्षी मी वही सोडून काट्याजवळ जाऊन उभी राहिले, उगाच, पाय आखडले म्हणून. आमच्याकडे वेचायला येणारी एक म्हातारी आहे, कंबरेत वाकलेली, तिचं गाठोडं होतं. मामाजींनी लावलं, सुई वर गेली, थरथरायला लागली, अन त्यांनी लगेच गाठोडं उचलून घेतलं. "बारा!" मी म्हटलं मामाजी साडेअकरा होते. म्हणे नाही, बारा. मी म्हटलं मी पाहिलं ना. तेव्हा इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाले, "सुई हालून राह्यली होती पोरी, थांबली असती तं बारावरच थांबली असती."

पुढच्या बाईचं पण तसंच. सुई हलत असतानाच उचलायचं अन वरचा आकडा ओरडायचा. इतके वर्षं. ज्या माणसाने जन्मात खोटं बोललं नाही असं अख्खं गाव सांगते तो माणूस दरवर्षी आपल्याच पोराला कापूस वाळला म्हणून सांगत होता, अन पोरगा बिचारा जिनिंगवाल्याला शिव्या घालत होता. मी यांना सांगितलं नाही. तेव्हा नाही अन आता पण नाही. हे वाचलं तर वाचतील.

आज सकाळी सीतादही केलं, दहीभात घेऊन वावरात गेले, पहिल्या वेचणीचा मान. मागच्या वर्षीपर्यंत मामाजी करायचे. निघताना मामीजींनी विचारलं खंजिरी नेली काय पोट्ट्यांनी. मंडळाच्या पोरांनी मागितली होती, मामीजींनी दिली नव्हती. मी म्हटलं नाही, इथंच आहे खुंटीवर. म्हणाल्या ढिली पडली असन. पावसाळाभर कोणी शेकली नाही तिला. दुपारी घरी पाणी न्यायला आले तेव्हा पाहिलं तर मामीजी चुलीपाशी बसलेल्या, चूल विझलेली होती, खंजिरी मांडीवर. मी काही विचारलं नाही, पाण्याची कॅन घेऊन परत गेले.

आज नऊ बाया होत्या. साडेचारपर्यंत वेचलं, मग काटा लावला. यंदा आकडा ओरडणार पण मीच अन लिहिणार पण मीच. गावातल्या प्रार्थना मंदिरावरचा भोंगा वावरापर्यंत ऐकू येते, भजनं चालू होती सकाळपासून. 4 वाजून 58 मिनिटांनी मौन असते, मोझरीत लाखो माणूस जागच्या जागी थांबते, अन मामाजी गुडघ्यामुळे मोझरीला जाऊ शकले नाहीत त्या दोन वर्षी इथेच याच बाभळीखाली टोपी घालून, हात जोडून उभे राहायचे, बाया पण उभ्या राहायच्या सगळ्या.

म्हातारीचं गाठोडं मी आकड्याला लावलं अन तेवढ्यात भोंगा बंद झाला. एकदम. बाया उभ्या राहिल्या, म्हातारी पण कंबरेवर हात ठेवून जमलं तेवढी सरळ झाली. माझा हात गाठोड्यावरून सुटलेला. मी कशी उचलू आता. सुई थरथरत होती, साडेअकराच्या इकडे तिकडे, मग कमी झाली थरथर, मग थांबली. साडेअकरा. मी तिच्याकडेच पाहत होते पूर्ण वेळ, हात जोडले पण डोळे मिटले नाहीत.

भोंगा सुरू झाला परत. मी वहीत साडेअकरा लिहिलं. किलोला दहा रुपये, म्हणजे एकशे पंधरा.

म्हातारी पैसे कंबरेला खोसत म्हणाली, "तुह्या सासऱ्यानं कधी सुई थांबू देली नाई व माय."

मी पुढचं गाठोडं लावलं.