उलटी गादी

नवीन गादी काल दुपारी आली आणि आमच्या राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीत बसली नाही. म्हणजे आत गेली, पण एक कोपरा मधल्या वाटेवर हवेत लोंबकळत राहिला आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच त्रिकोणी जागा उघडी. नवऱ्याने गादीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता माप घ्यायचा टेप आणायला गेला. टेपने काय होणार होतं देव जाणे.

ज्यांनी मोटरहोम किंवा कॅरॅव्हॅन आतून बघितलीय त्यांना माहीत असेल, तिथला पलंग बऱ्याचदा सरळ चौकोनी नसतोच. माणसाला जायला वाट हवी किंवा बाथरूमचं दार उघडायला जागा हवी म्हणून पायाशी एक कोपरा छाटलेला असतो, त्याला फ्रेंच बेड असं झकास नाव आहे, पण ज्याचे पाय त्या बाजूला येतात त्याला झकासबिकास काही वाटत नाही. तर अशी गादी तयार मिळत नाही, मापाने बनवून घ्यावी लागते. मी पेपर पसरून, चिकटपट्टीने जोडून, पलंगाच्या कडेकडेने कापून सुंदर नमुना केला. ब्लाउजचं माप द्यावं इतक्या निगुतीने. फक्त त्यावर ‘वरची बाजू’ असं लिहायचं राहिलं. गुंडाळी करून दिला, गादीवाल्यांनी उलटा उघडला, संपलं. चूक माझीच.

साधी फोमची गादी असती तर पालथी घातली असती आणि कुणाला कळलंही नसतं. पण आपण हौशी ना! खाली दहा सेंटिमीटर घट्ट फोम, वर पाच सेंटिमीटर मेमरी फोम, दोन्ही एकमेकांना चिकटवलेले. पालथी घातली की कोपरा बरोबर जुळतो, पण ज्याच्यासाठी एवढा अट्टाहास केला तो मऊ थर जातो खाली.

आणि तीन महिने मी दुसरं काही केलं नव्हतं हो. पॉकेट स्प्रिंग म्हणजे प्रत्येक स्प्रिंगला स्वतःची कापडी पिशवी, ही आयडिया जेम्स मार्शल नावाच्या माणसाने १९०० साली पेटंट केली, हे मला आता झोपेतही सांगता येईल. पण स्प्रिंगवाली गादी जड, आणि नंतर कोपरा कापायचा म्हटलं तर कापता येत नाही. लॅटेक्स, म्हणजे रबराच्या चिकाचं, छान, उसळी मारणारं, पण त्याचंही वजन भरपूर आणि गाडीत किती वजन घालायचं याला मर्यादा असते, पाण्याची टाकी, गॅस, आपण दोघं, सगळं धरून. मग फोम. तर फोमची डेन्सिटी वेगळी आणि कडकपणा वेगळा, हे समजायलाच एक आठवडा गेला. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला किती किलो, त्यावरून गादी किती टिकेल याचा अंदाज येतो. मऊ की कडक ते त्यावरून कळत नाही. शिवाय जाडी वाढवावी तर वरच्या कपाटाला डोकं आपटतं. रात्री दचकून उठणाऱ्या माणसाने पाच सेंटिमीटरचाही विचार करावा.

दुकानात जाऊन झोपून बघायचा सल्ला सगळे देतात. पायात बूट, शेजारी विक्रेता हात बांधून उभा, अशात दोन मिनिटं पडून काय कळतं? मी तर डोळेसुद्धा मिटले नाहीत.

नवऱ्याचं खूळ वेगळं, ओल. जुनी गादी उचलली तेव्हा खाली प्लायवूडवर काळे ठिपके, बोट फिरवलं तर बोट काळं. आपल्या अंगाची वाफ रात्रभर गादीतून खाली जाते, थंड फळीला लागली की तिचं पाणी होतं, आणि हवा लागत नाही म्हणून बुरशी. त्याने फळी काढून पट्ट्या बसवल्या, मध्ये फटी ठेवून, वर जाळीदार चटई अंथरली. मी एवढी गादी निवडली त्याचं कौतुक नाही, पण ती चटई येईल त्याला दाखवतो.

तर पालथ्या गादीवर काल दुपारी पडून बघितलं. मेमरी फोम ही १९६६ ची गोष्ट, नासासाठी विमानाच्या सीटवर वापरायला म्हणून चार्ल्स योस्ट यांनी केलेला. अंगाच्या उबेने मऊ होतो, थंडीत घट्ट होतो, म्हणजे गारठलेल्या गाडीत पहिली काही मिनिटं पाटावर झोपल्यासारखं. आणि त्यातून उठलं की शरीराचा ठसा हळूहळू भरून येतो, मिनिटभरात सपाट. याला मेमरी म्हणायचं? ही तर विसरायची कला झाली.

मेमरी होती आजोबांच्या कापसाच्या गादीला. डाव्या अंगाला त्यांचा खळगा होता, खांद्यापाशी खोल, कमरेपाशी त्याहून खोल, मध्ये गाठी झालेला कापूस. ते पहाटे उठले की मी पळत जाऊन त्या खळग्यात शिरायचे. तो गरम असायचा, तंबाखू आणि खोबरेल तेलाचा वास यायचा आणि माझे पाय कुठेच पोचायचे नाहीत. गादी उन्हात टाकली की फुगायची, खळगा दिसेनासा व्हायचा, पण चार दिवसांत परत जिथल्या तिथे. ते गेल्यावर पुष्कळ दिवस ती तशीच होती. मी शाळेतून आले की दुपारची जाऊन पडायचे. तेव्हा तो गार असायचा. मग एकदा आले तर गादी उसवून कापूस नवा भरून आणलेला, घट्ट, उंच, चारी कोपरे टोकदार. मी आईशी दोन दिवस बोलले नाही आणि का ते तिला सांगितलंही नाही.

“परत पाठवायची का?” नवरा दारातून विचारत होता, हातात टेप.

“राहू दे.”

“अगं पण उलटी...”

“राहू दे म्हटलं ना.”

तो आत आला आणि भिंतीकडेला आडवा झाला, म्हणजे रात्री त्याला उठायचं झालं की मला ओलांडून जाणार. दोन मिनिटांनी म्हणाला, गादी ठीक आहे गं, पण डोक्यात रक्त उतरतंय. उशाजवळची पेन्सिल सोडली तर घरंगळत थेट डोक्याकडच्या कोपऱ्यात. गाडीच उतारावर उभी होती. आता चाकाखाली घालायला फळकूट शोधायचंय.