कांद्याचं बूड

आमच्या घरात सध्या पाणी प्यायला पेले नाहीत. म्हणजे आहेत, पण स्वयंपाकघराच्या खिडकीत रांगेने उभे आहेत आणि प्रत्येकात एकेक कांद्याचं बूड बसलेलं आहे.

सुरुवात एकाच कांद्याने झाली. टोपलीच्या तळाशी विसरलेला, अंगाने मऊ पडलेला, पण डोक्यातून बोटभर हिरवा कोंब काढून बसलेला. टाकायला उचलला आणि हात थांबला. ‘टाकवत नाही’ हा आमच्या माहेरचा आजार आहे. श्रीखंडाचे डबे, मिठाईच्या खोक्यांचे दोरे, कान तुटलेले कप, सगळं ‘असू दे, लागेल’ म्हणून माळ्यावर जातं. कांदा माळ्यावर ठेवता येईना, म्हणून त्याचं बूड कापून पेल्यात ठेवलं आणि मुळांना टेकेल एवढंच पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या मुळांची दाढी फुटली. आठवड्याभरात वीतभर पात! त्या रात्रीच्या पिठल्यावर मी ती अशी बारीक चिरून भुरभुरली, जणू शेतावरून आत्ताच गाडी आली आहे.

मग शाळेत शिकलेलं आठवलं. कांद्याच्या ज्या पाकळ्या आपण खातो ती पानं. खोड म्हणजे बुडाशी असलेली ती टणक चकती, जिला आपण सुरीचा पहिला फटका देतो आणि कचऱ्यात ढकलतो. म्हणजे इतकी वर्षं मी झाडच टाकून देत होते आणि त्याची पानं फोडणीला घालत होते.

हे कळल्यावर माझी कांदा चिरण्याची पद्धत बदलली. बूड जरा ऐसपैस कापू लागले. आधी अर्धा पेर, मग एक पेर. एकदा नवरा ताटातली कोशिंबीर चमच्याने उलथीपालथी करत म्हणाला, “अगं, आपण कांदा खायला आणतो की बुडासाठी?” प्रश्न रास्त होता. मी उत्तरादाखल पात वाढली.

पुढे काचेचे पेले संपले, तेव्हा स्टीलच्या फुलपात्रांवर नजर गेली. एकात लसणाच्या पाकळ्या, दोनात पुदिन्याच्या काड्या. पुदिन्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही, तो कुणाच्याही हाताला येतो. बटाट्याने मात्र धडा दिला. डोळे फुटलेला एक बटाटा पोत्यात माती भरून लावला, तीन महिने जपला आणि पोतं उपडं केलं तर सात बटाटे निघाले. सुपारीएवढे. सातांचं मिळून वजन लावलेल्या बटाट्याइतकंच भरलं असेल. त्यातला एक उन्हाला उघडा राहून हिरवा झाला होता, तो फेकावाच लागला, कारण हिरव्या बटाट्यात सोलानिन नावाचं विष वाढलेलं असतं.

आणि गाजर. गाजराचा शेंडा पाण्यात ठेवला की वर सुंदर, झालरीसारखा पाला येतो आणि माणूस खाली गाजराची वाट बघू लागतो. ते येत नाही. गाजर म्हणजे त्या झाडाचं सोटमूळ, ते एकदाच. कापलं की संपलं. उरलेल्या पुंजीवर ते पानं काढतं आणि जगलंच तर फुलावर जातं. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली असं म्हणतात. माझी वाजलीही नाही आणि मोडायला गाजरही उरलं नाही. पाला थालीपिठात घातला. कडसर लागला, पण लागला.

हे सगळे पराक्रम मी फोनवर आईला सांगते. ती कोकणात असते. तिचा आवाज अशा वेळी नातवंडाचं बडबडगीत ऐकताना होतो तसा होतो. तिच्या परसात कुणी काही ‘लावल्याचं’ मला आठवत नाही. भाज्यांची सालं, देठ गोठ्यात जायची. न्हाणीचं आणि मोरीचं पाणी पाटाने मागे जायचं, तिथे केळी, कर्दळी आणि अळू उभं असायचं. केळीचं एक खोड कापलं की शेजारी मुनवा, म्हणजे नवा कोंब, तयार. उकिरड्यावर भोपळ्याचा वेल यायचा तो आपणहून. जूनमध्ये तिथेच आंब्याच्या कोयी रुजायच्या. आम्ही पोरं त्या दगडावर घासून पिपाण्या करायचो आणि आजोबा ओरडायचे, कारण रायवळच्या चांगल्या रुजलेल्या कोयी त्यांना कलमाला हव्या असायच्या. लालसर कोवळा कोंब छाटायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचर करून त्यात बसवायची आणि घट्ट बांधायचं. हापूसची कोय पेरून हापूस मिळेलच असं नसतं, म्हणून हा खटाटोप. आमच्या घरातला लावण्याचा एवढाच काय तो सोहळा.

तर एप्रिलमध्ये मी आईला सांगितलं, बाजारातून अळकुड्या आणल्या होत्या, त्यातल्या दोनांना कोंब होते, त्या रंगाच्या रिकाम्या बादलीत लावल्या.

“अगो,” ती म्हणाली, “अळू लावतात का? ते येतं.”

तिसऱ्या मजल्यावर कसं येणार, हे तिला समजावणं अवघड. आमच्याकडे परस नाही, पाट नाही, मोरीचं पाणी नळीतून थेट कुठे जातं ते पालिकेला माहीत. पण बाल्कनीत एसीची नळी आहे. रात्रभर टप् टप् ठिबकते. बादली तिच्याखाली सरकवली. त्या पाण्यात क्षार नसतात, म्हणून मूठमूठ कंपोस्ट घालत गेले. मे संपेस्तोवर तळव्याएवढी पानं आली, पावसात ती सुपाएवढी झाली. सकाळी त्यांच्यावर पाण्याचे मोती डुगडुगायचे आणि मी चहा गार होईपर्यंत बघत बसायचे.

श्रावणात ठरवलं, फतफतं करायचं. चार पानं निघाली. चार पानांत तिघांचं फतफतं होत नाही, म्हणून मंडईतून एक जुडी आणली. शेंगदाणे, चण्याची डाळ, आंबट चुका, गूळ. अळवात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात, म्हणून चिंचेचा कोळ सढळ हाताने घातला. बहुधा पुरेसा सढळ नव्हता.

नवऱ्याने पहिल्या घासाला “वा” म्हटलं, दुसऱ्याला घसा खाकरला. मीही खाकरले, पण फोडणीचा ठसका लागल्यासारखा. खाज कुठल्या अळवाची हे कळायला काही मार्ग नाही. माझ्या मते मंडईतल्या.

मुलगी मात्र भिडेखातर थांबणारी नाही. ती ताटावरून उठली, मांडणीत हात घातला, काही मिळालं नाही, मग खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

“आई,” ती म्हणाली, “कांदा काढू, की तसंच पिऊ?”