पोर्तुगालसाठी मी का ओरडतो

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. फुटबॉलच्या दर विश्वचषकाला, युरोपच्या दर युरो स्पर्धेला कुणीतरी विचारतंच: आजोबा गोवामुक्तीसाठी तुरुंगात गेलेले आणि तू पोर्तुगालचा शर्ट घालतोस? पूर्वी मी म्हणायचो, खेळ वेगळा, राजकारण वेगळं. ते उत्तर खोटं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

2016 च्या जुलैची गोष्ट. युरोची फायनल पॅरिसला, आमच्या डिचोलीत पहाटेचे तीन. जादा वेळेत पोर्तुगालच्या एडेरने फ्रान्सवर गोल मारला आणि मी खुर्चीवर चढून कोंकणीत ओरडलो, "आमी जिखले!" आपण जिंकलो! आजोबा धोतर सावरत दारात आले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आमी म्हणजे कोण रे?" मग सोप्यावर बसले, पाणी मागितलं आणि सांगू लागले. मे 1961 मध्ये पोर्तुगालच्या बेन्फिका क्लबने बार्सिलोनाला 3-2 ने हरवून युरोपियन कप जिंकला. ती बातमी तुरुंगात आली, तेव्हा पहाऱ्यावरचा शिपाई गजांपाशी येऊन हेच बोलला होता: आमी जिखले. शिपाई आपलाच गोंयकार. कोठडीची किल्ली त्याच्या कमरेला. "खरं सांगू?" आजोबा म्हणाले, "क्षणभर मलाही बरं वाटलं. त्याची लाज अजून जात नाही."

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याला तेवढा क्षण पुरत होता. पोर्तुगालकडून खेळणारे युझेबियो, कोलुना हे पोर्तुगालच्याच वसाहतीतले, मोझांबिकचे. त्यांच्याकडे बोट दाखवून सांगायचं की वसाहती कुठे आहेत, हा तर एकच देश. 1966 च्या विश्वचषकात युझेबियोने 9 गोल मारले, पोर्तुगाल तिसरा आला, आणि त्याच वेळी मोझांबिकमध्ये पोर्तुगालविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं होतं. लष्करी राजवटीतल्या अर्जेंटिनात 1978 च्या विश्वचषकात तर मैदानाजवळच्या नौदलाच्या शाळेत कोंडलेल्या कैद्यांनाही बाहेरचा जल्लोष ऐकू येत होता.

म्हणून युझेबियोचे गोल सालाझारचे झाले का? हे मी कधीच मानणार नाही. ती राजवट 1974 मध्ये गेली. एडेर तर पोर्तुगालच्याच जुन्या वसाहतीत, आफ्रिकेतल्या बिसाऊत जन्मलेला पोरगा. पण यातलं एक वाक्यही त्या पहाटे आजोबांसमोर माझ्या तोंडून फुटलं नाही.

2024 च्या युरोत पोर्तुगालचा गोलरक्षक दियोगु कोश्ताने स्लोव्हेनियाच्या तीन पेनल्टी अडवल्या. मी पुन्हा "आमी"च ओरडलो. आजोबा तोवर गेले होते. तरी मी दाराकडे बघितलं.