उणे २५ आणि शेळ्यांचं पाणी

आमचा गोठा घरापासून दीडशे पावलांवर आहे आणि तिथे वीज नाही. अमेरिकेतलं दक्षिण मिनेसोटा. पाच शेळ्या, एक खच्ची बोकड, अकरा कोंबड्या. घरातून लांब वायर ओढून पाण्यात हीटर सोडता येतो, पण वाळलेला पेंढा, शेळ्यांचे दात आणि वायर हे त्रिकूट एका जागी ठेवायची माझी छाती होत नाही.

पहिल्या डिसेंबरात आईला अंबाजोगाईला फोन लावून रडगाणं गायले, की बादली दोन तासांत गोठते. ती म्हणाली, "अगं, गोणपाट गुंडाळ की तिला." गुंडाळलं. पण हाताला उन्हाळ्यातल्या रांजणाची सवय, त्यामुळे वरून तांब्याभर पाणीही मारलं! सकाळी बादली, गोणपाट आणि जमीन मिळून एकच दगड झालेला. "येडे, ओलं कशाला केलंस?" आई. "ओलं गार करायला असतं."

मग बाटलीचा प्रयोग. इथे जो तो सांगतो की बाटलीत मिठाचं पाणी भरून टबात तरंगत सोडा. वाऱ्याने ती हलते आणि तेवढ्यापुरती बर्फाची साय धरत नाही, हे खरं. पण ती काही उष्णता देत नाही. आमच्या गोठ्यात वारा येत नाही, म्हणून ती नुसतीच पडून राहिली. मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलं तरी ते पाणी उणे २१ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतंच. उणे २५ च्या सकाळी माझी बाटलीही टबासोबत कडक झाली होती.

उपयोगी पडला तो शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने दिलेला ट्रॅक्टरचा जुना टायर. त्यात काळ्या रबराचा टब बसवला आणि मधल्या फटीत पेंढा ठासून भरला. कोरडा! वर थर्माकोलचं झाकण, त्याला शेळीचं तोंड जाईल एवढंच भोक. पाणी वरूनच गोठायला लागतं, त्यामुळे उघडा भाग जितका कमी तितका बर्फ उशिरा. टायर दक्षिणेच्या भिंतीला, उन्हात. उणे ८-१० पर्यंत एवढ्यावर दिवस निघतो. त्याखाली नाही.

रबरच का, तर टब उलटा करून वरून लाथ घातली की बर्फाची अख्खी चकती बाहेर पडते. प्लॅस्टिकची बादली तडकते. मी तीन तडकवल्या.

पाणी अंगणातल्या हायड्रंटचं, म्हणजे जमिनीतून वर आलेल्या उभ्या नळाचं. त्याची झडप पाच फूट खाली आहे, थंडी पोचत नाही तिथे. वरचा दांडा खाली केला की नळीत उरलेलं पाणी जमिनीत झिरपून जातं. फक्त रबरी पाइप जोडलेला ठेवायचा नाही. मी एकदा ठेवला. पाणी खाली उतरलंच नाही आणि नळ जाम. किटल्यांनी गरम पाणी आणून फडक्यांवर ओतत अर्धी दुपार गेली. नवरा ऑफिसात, अर्थातच.

आता मी रात्री पाणी ठेवतच नाही. कोंबड्या अंधारात पीत नाहीत, शेळ्यांचंही अडत नाही. सकाळी सातला, दुपारी आणि संध्याकाळी पाचला दोन बादल्या कोमट पाणी नेते आणि शेळ्या पिईपर्यंत तिथेच उभी राहते. बर्फगार पाण्याला त्या नुसतं नाक लावतात. कोमट पाणी घटाघट पितात. वाळल्या गवतावर असताना पाणी कमी पडलं तर खच्ची बोकडाला मूतखड्याची भीती असते. त्याची मूत्रनळी अरुंद, अडकलं की जिवावरच बेततं. म्हणून त्याच्या पाण्यात इंडियन स्टोअरचा गूळ. आईकडे व्यालेल्या शेळीला गूळ मिळतो, इथे हा बोकड महाराजासारखा पितो आणि मिशा गोठवून घेतो.

दुपारचं उरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत चकती होतं. त्या चकत्या मी गोठ्यामागे रचत गेले. मार्चअखेर ढीग माझ्या कमरेएवढा झाला होता. एप्रिलमध्ये तो ठिबकायला लागला, तर टबात स्वच्छ पाणी असताना अकराच्या अकरा कोंबड्या त्याच्याच बुडाशी चोच घालून बसल्या.